विद्यार्थ्यांची चित्रे आणि तुटक रेघ

जालन्याहून उत्तरेकडे निघालेली सडक राजूरवरून भोकरदनला जाते. राजूर म्हटले की गणपती आठवायचाच. साडेतीन पीठांत त्याची गणना होते, आणि अंगारकीला तर तिथे पाय ठेवायला जागा नसते. पण आज आपल्याला दर्शनाला थांबायचे नाही. राजूर ज्या तालुक्यात मोडते त्या भोकरदनला जायचे आहे. आणि त्याच्याही आधी, भोकरदनच्या पलीकडे अजिंठ्याचा डोंगर आहे तिथे. या मुलखाशी एक गोष्ट निगडित आहे. ती राजेरजवाड्यांची नाही, शिकणाऱ्या पोरांची आहे. शिकता शिकता त्यांनी जी चित्रे काढली, त्यांचे पुढे काय झाले याची आहे.

अजिंठ्याची लेणी १८१९ साली इंग्रजांच्या नजरेस पडली. भिंतीवरची चित्रे पाहून जाणकार थक्क झाले. पण ती जगाला दाखवायची कशी? रंगीत छायाचित्रे त्या वेळी नव्हती. तेव्हा एकच उपाय होता : समोर बसायचे आणि हाताने नक्कल करायची. मेजर रॉबर्ट गिल याने १८४४ पासून हे काम आरंभले. उमेदीची वर्षे त्याने या डोंगरात घालवली. चित्रे लंडनला गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगली गेली, आणि १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी सोडली तर बाकीची सारी जळून गेली.

आता आपले विद्यार्थी येतात. मुंबईला १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा निघाली. तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ साली आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठा गाठला. हेतू दुहेरी होता. एक तर जळालेल्या चित्रांच्या जागी नवी चित्रे करायची. दुसरे असे, की इथल्या मुलांनी परदेशी नमुने गिरवीत बसण्यापेक्षा आपल्याच भूमीतल्या थोर चित्रकारांपाशी धडे घ्यावेत. म्हणजे लेणे हीच शाळा, आणि भिंत हाच गुरुजी! मध्ये खंड पडत हे काम १८८५ पर्यंत चालले. कॅनव्हासवर तैलरंगांत लहानमोठ्या सुमारे ३०० नकला तयार झाल्या. पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावाजलेले पेस्तनजी बमनजी हे याच मंडळींपैकी एक.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, नक्कल ती नक्कल, तिचे एवढे काय? पण एखादा हात, एखादे कमळ नुसते पाहणे वेगळे आणि ते काढणे वेगळे. काढायला बसले म्हणजे बोट कुठे वळले, सावली कुठे दिली नि कुठे मुद्दाम टाळली, हे डोळ्यांना शोधावेच लागते. दुसऱ्याला शिकवण्यासाठी चित्र काढणारा आधी स्वतः शिकतो. मुंबईच्या बोरीबंदर स्थानकाची भव्य इमारत १८८८ साली पुरी झाली. तिच्यावरच्या नक्षीकामात याच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. पाने, फुले, पशुपक्षी दगडांत उतरवणारी ही पिढी नमुना डोळ्यांसमोर ठेवून काढायला शिकलेली होती.

पण या कथेला दुसरी बाजूही आहे. अंधाऱ्या लेण्यात मूळ रंग नीट दिसावेत म्हणून भिंतीवरच्या चित्रांना व्हार्निश फासण्यात आले. तेवढ्यापुरते रंग उजळले. पुढे तेच व्हार्निश पिवळे पडले नि चित्रांना बाधक ठरले. शिकायला गेलेल्यांनी गुरुजींनाच इजा केली, असे म्हणावे लागते. आणि नकलांचे काय झाले? १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे पुन्हा आग लागली आणि त्यांतल्या कितीतरी नष्ट झाल्या. उरल्या त्या आज तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. एक गोष्ट मात्र बरी झाली. ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये अजिंठ्यावर दोन खंड छापून काढले. कागदावर उतरलेले ते आगीतून सुटले. भिंतीवरची काही चित्रे नंतरच्या काळात आणखी झिजली, पोपडे धरून गळाली. तिथे पूर्वी काय होते हे पाहायला आज विद्वान मंडळी त्या नकला आणि ते खंडच उघडतात. सराव म्हणून काढलेले चित्र असे पुरावा होऊन बसले.

हीच परंपरा पुढे चालली. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम या बाईंनी पुन्हा नकला करवल्या. त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य आले. त्यांत नंदलाल बोस होते. हैदराबादहून सय्यद अहमद आणि फजलुद्दीन आले. हे नंदलाल पुढे शांतिनिकेतनात स्वतः गुरू झाले, आणि भारताच्या संविधानाची हस्तलिखित प्रत सजवायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन ती पाने रंगवली. अजिंठ्याच्या भिंतीसमोर बसलेला एक विद्यार्थी आणि संविधानाची पाने यांच्यामध्ये अंतर आहे ते अवघे चाळीस वर्षांचे.

स्थिर चित्र हलू लागले तेही विद्यार्थ्याच्याच हातून, असे म्हणायला हरकत नाही. ज्या १८८५ साली अजिंठ्याचे काम थांबले, त्याच साली त्र्यंबकेश्वरचा एक मुलगा त्या मुंबईच्या कलाशाळेत दाखल झाला. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. दादासाहेबांनी ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली दाखवला हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्या आधी त्यांनी वाटाण्याचे रोप उगवते कसे, हे थोडे थोडे टिपून पडद्यावर दाखवले होते. महिन्याभराची वाढ मिनिटभरात! वनस्पतिशास्त्राचा याहून सोपा पाठ कोणता? पुढे १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी निर्जीव काड्यांनाही नाचवले.

आता भोकरदनला येऊ. याचे जुने नाव भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या शिलालेखांत या गावच्या दानशूर मंडळींचा उल्लेख आहे. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि त्या वेळचे मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून इथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. गुप्ते यांनी त्याचा अहवाल १९७४ साली काढला. सापडलेल्या वस्तूंत हस्तिदंताची एक भग्न स्त्रीमूर्ती होती. इटलीत पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथे १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली होती. या दोघींचे साम्य विद्वानांच्या लक्षात आले, आणि राजूरच्या शेजारचे गाव थेट रोमच्या व्यापाराशी जोडले गेले. सातासमुद्रांपलीकडच्या दोन मूर्ती शेजारी ठेवून कोण पाहणार? ती तुलना होते ती छायाचित्रे आणि रेखाटने यांच्याच जोरावर.

उत्खननातले रेखाटन ही एक शिस्त आहे, आणि विद्यार्थी ती खणतीच्या जागीच शिकतो. खापराचा तुकडा हाती आला की त्यावरून सबंध मडके कागदावर उभे करायचे. मधोमध एक उभी रेघ. एका अंगाला मडक्याचा काप, म्हणजे जाडी किती ते दिसावे. दुसऱ्या अंगाला बाहेरचे रूप. आणि मुख्य गोष्ट अशी, की जेवढा भाग खरोखर हाती आहे तेवढाच सलग रेघेने काढायचा. जो अंदाजाने पुरा केला, तो तुटक रेघेने. ही तुटक रेघ मला फार मोलाची वाटते. इथवर मला माहीत आहे आणि इथून पुढे माझा तर्क आहे, हे ती बिनबोभाट सांगते.

आजचा विद्यार्थी संगणकावर चित्र काढतो आणि त्याला हलवतोही. पवईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत १९६९ पासून आरेखनाचे शिक्षण चालते. तिथेच ‘ऑस्कर’ नावाच्या प्रकल्पात प्राध्यापकांनी विषय समजावून द्यायचा आणि विद्यार्थ्यांनी त्याची चलच्चित्रे करायची, अशा रीतीने विज्ञानाचे नि तंत्रज्ञानाचे पाठ तयार झाले. मेहनत काही कमी नव्हे. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे सरकतात; एकेक चित्र दोनदा वापरले तरी मिनिटाला ७२० लागतात. संगणक हात देतो, पण हालचाल कशी व्हावी हे ठरवायचे माणसानेच.

मात्र आगीचा धोका टळला असे समजू नका. गेल्या पिढीतली बरीचशी शैक्षणिक चलच्चित्रे ‘फ्लॅश’ नावाच्या प्रणालीत केलेली होती. ती प्रणाली तिच्या कंपनीने २०२० च्या अखेरीस बंद केली, आणि जगभरच्या विद्यार्थ्यांचे काम एका रात्रीत मुके झाले. ना धूर, ना ज्वाळा! ज्यांनी वेळीच नव्या रूपात नक्कल करून ठेवली त्यांचेच पाठ टिकले. ग्रिफिथ्सच्या छापील खंडांनी शिकवलेला धडा तो हाच.

हलत्या चित्राची मोहिनी आणखी एक जोखीम आणते. कागदावरचे भग्न मडके पाहणारा शंका घेतो. पण पडद्यावर भोगवर्धनचा बाजार गजबजलेला दिसला, व्यापारी हस्तिदंत तोलताना दिसला, की पाहणारे मूल म्हणते, असेच होते. शंकेला जागाच उरत नाही. म्हणून चलच्चित्रालाही स्वतःची तुटक रेघ हवी. कल्पिलेला भाग फिक्या रंगात दाखवा, निवेदनात सांगा, कसेही करा, पण सांगा.

तेव्हा, मराठवाड्यातल्या एखाद्या महाविद्यालयात बसून शाळेच्या मुलांसाठी चित्र काढणाऱ्या विद्यार्थ्या, तुझे काम केवळ गुणांपुरते आहे असे मानू नकोस. मूळ वस्तूला धक्का लावू नकोस. चित्राच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेव. खाली आपले नाव आणि तारीख घाल. अजिंठ्यात खपलेल्या पुष्कळ मुलांची नावे आज कोणाच्या तोंडी नाहीत. आणि जिथे ठाऊक नाही, तिथे रेघ तुटकच राहू दे. शंभर वर्षांनी कोणीतरी तुझे चित्र पुरावा म्हणून उघडील, तेव्हा तो सर्वांत आधी त्या रेघेवर विश्वास ठेवील.