मिरजेचा स्टोव्ह, मिनाची आग

आमच्या घराच्या माळ्यावर एक पितळी स्टोव्ह पडून आहे. टाकी एका बाजूला चेपलेली, पंपाचा वॉशर सुकलेला, एक पाय वाकलेला. पण चिंच लावून घासला तर अजूनही लखलखतो. घरात आम्ही त्याला 'हाजी स्टोव्ह' म्हणत आलो, कारण दादा-दादी हजला गेले तेव्हा तोही त्यांच्याबरोबर मिरजेहून मुंबईला, मुंबईहून जहाजाने जिद्द्याला आणि तिथून मक्केला जाऊन आला होता. त्याच्यासाठी एका पिशवीत पिनांचं पाकीट, जादा बर्नर, काकडा आणि स्पिरिटची बाटली होती. दादी तिच्या दखनीत सांगायची, "पराये मुलुक में अपना चुल्हा अपने संगात होना. किसी के दरवाजे पे खडा रैना नक्को."

प्रवासात बरोबर न्यायच्या चुलीचा अर्धा इतिहास दादीच्या या बोलण्यात आहे. उरलेला अर्धा 15 एप्रिल 1997 या तारखेत आहे. आपल्या समाजात पहिला अर्धा कौतुकाने सांगितला जातो आणि दुसऱ्याबद्दल 'अल्लाहची मर्जी' म्हणून गप्प बसलं जातं. म्हणून आज दोन्ही एकत्र मांडतो.

जुन्या काळचा मुसाफिर चूल बरोबर नेत नसे. तो पातेलं, तवा आणि शिधा न्यायचा. मुक्काम पडेल तिथे तीन दगड मांडायचे, काटक्या गोळा करायच्या, भाकरी थापायची. जत्रा असो, उरूस असो, पंढरीची वारी असो, रीत हीच. मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या उरुसाला कर्नाटकातून माणसं येतात. अशा गर्दीत प्रत्येक कुटुंबाचा जाळ वेगळा असण्यामागे फक्त चव नव्हती. कोणाच्या हातचं खायचं आणि कोणाच्या हातचं नाही, याचे नियम जातीजातींत कडक होते. मुसलमानाला हलालची काळजी असायची. रेल्वे आली तेव्हा स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुस्लिम पाणी' असे वेगळे माठ आले. मिरज तर जंक्शन. 1927 मध्ये पंढरपूरकडून बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी इथवर पोहोचली आणि पुण्याकडची वेगळ्या रुंदीची लाइन आधीपासून होतीच. गाडी बदलायची, सामान उतरवायचं, पुढच्या गाडीची वाट बघायची. अशा प्रवासात ज्याची शिदोरी आपली, त्याचा मानही आपला.

हजचा प्रवास याहून कितीतरी लांबचा. मुंबईहून जहाज निघालं की आठवडाभराहून जास्त काळ समुद्रावर. जुन्या काळी वाटेत तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर क्वारंटाइनसाठी उतरवत. डेकवरचा गरीब हाजी आपलं अन्न आपणच शिजवायचा, म्हणून जहाजावर गोड्या पाण्याइतकीच जळणाचीही सोय बघावी लागे. आणि जिद्द्याला उतरल्यावर पुढे वाळवंट. तिथे तीन दगड मिळतील, काटक्या कुठून आणायच्या? 

या अडचणीवरचं उत्तर स्वीडनमधून आलं. 1892 मध्ये स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या कारागिराने काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह तयार केला. तोच प्रायमस. त्याची युक्ती साधी होती. वातीवर रॉकेल जाळलं की पिवळी ज्योत आणि धूर येतो. लिंडक्विस्टने रॉकेल जाळण्याआधी त्याची वाफ केली. टाकीत पंपाने हवा भरायची. त्या दाबाने रॉकेल वर चढतं, तापलेल्या बर्नरच्या नळीत त्याची वाफ होते, बारीक भोकातून ती जोरात बाहेर येते, हवेत मिसळते आणि निळ्या ज्योतीने जळते. बर्नर आधी तापवायला लागतो, म्हणून काकडा. भोकात कचरा अडकतो, म्हणून पिन. दाब कमी करायला टाकीवर हवा सोडायचा स्क्रू. आपल्या आयांना हे यंत्रशास्त्र कोणी शिकवलं नव्हतं, पण फरफर आवाजावरून त्या सांगायच्या की स्टोव्हला पंप हवाय की पिन.

अमुंडसेन 1911 मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचला तेव्हा त्याच्याकडे प्रायमस होता. 1953 मध्ये हिलरी आणि तेनझिंग एव्हरेस्टवर गेले, त्या मोहिमेतही प्रायमस होता. डोंगरवीरांच्या पुस्तकांत या स्टोव्हचं कौतुक भरपूर सापडतं. मात्र तोच स्टोव्ह गोधडीत गुंडाळून हजला नेणाऱ्या हाजींची नोंद कोणी फारशी ठेवली नाही. खरं तर हज हा जगातला सगळ्यात मोठा तंबूचा मुक्काम आहे. मिनात तंबूत राहायचं, अराफातच्या मैदानात दिवस काढायचा, मुजदलिफात उघड्या आभाळाखाली रात्र. तिथे चार मुठी खिचडी शिजवणारा स्टोव्ह म्हणजे केवढा आधार! परदेशी चलन मोजकंच मिळायचं. हॉटेलात खाल्लं तर कुर्बानीचे पैसे कुठून आणायचे? स्टोव्ह ही गरीब हाजीची चैन नव्हती. त्याच्यामुळे गरिबाचा हज जमत होता.

स्टोव्ह निर्धोक होता असं मात्र नाही. दाब जास्त झाला, नळी तुंबली, पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतलं की भडका. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही बातमी एका पिढीने रोज वाचली. त्यातले किती अपघात होते आणि किती खून, हा वेगळ्या लेखाचा विषय. तरी रॉकेलचा एक गुण मान्य करावा लागतो. सांडलेलं रॉकेल नुसत्या ठिणगीने सहज पेटत नाही. त्याला तापावं लागतं, नाहीतर कापडात मुरावं लागतं.

गॅसचं तसं नाही. सिलेंडरमध्ये तो दाबाखाली द्रव असतो. एक लिटर द्रव बाहेर आला की सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून वर उडून जात नाही. पाण्यासारखा खाली, जमिनीलगत साचतो. घराच्या ओट्याखाली साचला तर वासाने कळतं, खिडकी उघडता येते. तंबूत जमिनीवरच अंथरूण असतं, जमिनीवरच शेगडी आणि जमिनीवरच माणूस झोपलेला. दहा पावलांवर दुसऱ्याने पेटवलेली ज्योत असते. पण वापरायला गॅस किती सोपा! पंप नको, पिन नको, काकडा नको. चावी फिरवली की झालं. म्हणून हाजींच्या मुक्कामातही स्टोव्हची जागा गॅसने घेतली.

धोक्याची घंटा आधी वाजली होती. डिसेंबर 1975 च्या हजमध्ये गॅस सिलेंडर फुटून तंबूंना आग लागली आणि सुमारे 200 हाजी गेले. तरी तंबू कापडाचेच राहिले आणि शेगड्याही तंबूतच राहिल्या.

मग 15 एप्रिल 1997. जिल्हजची 8 तारीख. हाजी नुकतेच मिनात पोहोचत होते, दुसऱ्या दिवशी अराफातला जायचं होतं. दुपारच्या आधी एका तंबूत स्वयंपाकाच्या गॅसमुळे आग लागली. वारा जोराचा होता. तंबूला तंबू खेटलेला, वर सुती कापड, आत सिलेंडर. आग एका रांगेतून दुसऱ्या रांगेत उड्या मारत गेली. सुमारे 70 हजार तंबू जळाले. अधिकृत आकड्यानुसार 343 जण मृत्युमुखी पडले, दीड हजाराहून अधिक जखमी झाले. मृतांत भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशचे हाजी मोठ्या संख्येने होते. म्हणजे आपल्यासारखेच, आपला चुल्हा आपल्या संगात ठेवणारे लोक. 

त्यानंतर मिना बदललं. कापडी तंबू जाऊन त्यांच्या जागी टेफ्लॉनचा थर दिलेल्या फायबरग्लासचे, आग न धरणारे कायमचे तंबू आले. तंबूत गॅसवर स्वयंपाक बंद झाला. आपल्याकडच्या हाजींनाही सामानातून स्टोव्ह, रॉकेल, गॅस नेता येत नाही. आता मिनात जेवण शिजून येतं. परत आलेले हाजी त्याच्या चवीबद्दल तक्रार करतात, भात कच्चा होता म्हणतात. त्यांची तक्रार खरीही असेल. पण तक्रार करायला ते परत आलेले असतात.

आमच्या मोहल्ल्यातही तेव्हा मोठी माणसं म्हणाली होती, "मुकद्दर में था. शहीद हुए." गेलेल्यांबद्दल असं म्हणावं, त्याने घरच्यांना धीर येतो. पण राहिलेल्यांनी तिथेच थांबावं का? हदीसच्या संग्रहांत एक प्रसंग आहे. मदिनेत एका रात्री एक घर माणसांसकट जळालं. रसूलुल्लाहांना (स.) ते कळलं तेव्हा ते फक्त मुकद्दराबद्दल बोलले नाहीत. आग ही तुमची शत्रू आहे, झोपताना ती विझवत जा, असं त्यांनी लोकांना बजावलं. दिवा विझवायची काळजी हा दीनचा भाग असेल, तर सिलेंडरची रबरी नळी तपासणं हाही आहे.

हा धडा फक्त हजचा नाही. 26 ऑगस्ट 2023 रोजी मदुराईच्या रेल्वे यार्डात उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्यात आग लागली आणि 9 जण गेले. डबा लखनौहून आला होता, त्यात लपवून आणलेला गॅस सिलेंडर होता. पाकिस्तानात 31 ऑक्टोबर 2019 रोजी तेजगाम एक्स्प्रेस जळाली, सत्तरहून अधिक लोक गेले. त्यांत रायविंडच्या इज्तेमाला निघालेले जमातचे लोक होते. आग सिलेंडरने लागली की विजेच्या तारांनी, यावर तिथे बराच वाद झाला. तो वाद बाजूला ठेवू. भरलेल्या डब्यात पेटणारी वस्तू नेणं आपल्याकडे 1989 च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी जमातीच्या सामानात बिस्तऱ्यांमध्ये गुंडाळलेला छोटा सिलेंडर आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. कोणी हटकलं तर उत्तर तयार असतं: "आजवर काही झालं नाही."

इथे दुसऱ्या बाजूचंही बोललं पाहिजे. माणूस हौसेने शेगडी वाहत नाही. बाहेरचं जेवण परवडत नाही, हलालची खात्री नसते, म्हाताऱ्यांना तिखट चालत नाही. बंदी घालणाऱ्याने चूल काढून घेतली तर ताटाची जबाबदारीही घ्यावी. नाहीतर चूल लपून येते, आणि लपवलेली चूल उघड्या चुलीपेक्षा घातक. या प्रश्नाचं उत्तर आपल्याच परंपरेत आहे. अजमेरच्या दर्ग्यात अकबराने आणि जहांगीराने दिलेल्या मोठ्या देगा आहेत. वारीत गावोगावी अन्नदान होतं, दिंडीचा स्वयंपाक शंभर माणसांसाठी एका जागी होतो. हजार माणसांच्या हजार ज्योतींपेक्षा एक मोठा जाळ, त्याच्यावर लक्ष ठेवणारी चार माणसं आणि शेजारी वाळूच्या बादल्या, हे केव्हाही बरं. उरुसाच्या आणि इज्तेमाच्या व्यवस्थापकांनी सामुदायिक स्वयंपाकाची जागा मुक्कामापासून दूर, वाऱ्याची दिशा बघून ठरवावी. मांडव घालण्याइतकंच ते काम महत्त्वाचं माना.

आणि जिथे आपली चूल न्यायला मोकळीक आहे तिथे? दंडोबाच्या डोंगरावर, पन्हाळ्याला, आंबोलीला घरची मंडळी घेऊन जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी जरूर न्यावी. पण बाजारात कुठेही भरून मिळणारा बेनावाचा छोटा सिलेंडर घेऊ नये. गॅस कंपन्यांचा 5 किलोचा सिलेंडर पत्त्याच्या पुराव्याशिवायही मिळतो, तो घ्यावा. निघण्याआधी नळी वाकवून भेगा बघाव्यात, जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावं. काडी लावून गळती तपासणारे शूर लोक अजून आहेत, त्यांचं अनुकरण नको. शेगडी तंबूत किंवा गाडीत पेटवू नये. आगीखेरीज तिथे दुसरा धोका असतो. बंद जागेत जळण नीट जळत नाही, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, आणि माणूस झोपेतच जातो. कोळशाची शेगडी ऊब मिळावी म्हणून तंबूत घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. पंपाचा स्टोव्ह असेल तर तो पूर्ण थंड झाल्याशिवाय रॉकेल भरू नये. झोपण्याआधी सिलेंडरची चावी बंद झाली का, हे एका माणसाने नाव घेऊन स्वतःवर घ्यावं. सगळ्यांवर सोडलेलं काम कोणीच करत नाही.

मागच्या महिन्यात पुतण्याने माळ्यावरून तो स्टोव्ह खाली काढला. मित्रांबरोबर गडावर जायचं होतं. म्हणाला, "चाचा, दादांचा स्टोव्ह नेऊ?" आम्ही दोघांनी बसून नवा वॉशर टाकला, पिन केली, अंगणात काकडा लावून पेटवून पाहिला. पहिल्यांदा पिवळा जाळ उठला, मग हळूहळू निळी ज्योत धरली आणि तोच ओळखीचा आवाज आला. मी त्याला नेऊ दिला, दोन अटींवर. एसटीने जायचं असेल तर न्यायचा नाही, कारण गाडीत दुसऱ्याची मुलं असतात. आणि पेटवायचा तो उघड्यावर, दगडाच्या आडोशाला, तंबूपासून लांब.

त्याने स्टोव्ह परत माळ्यावर ठेवला, म्हणाला, "मग शिदोरीच बांधून द्या." अम्मीने त्याला रोट आणि सुकं मटण बांधून दिलं.