बेळगावचे बंदर

बेळगाव शहरातून पश्चिमेस निघणाऱ्या एका रस्त्यास आजही 'वेंगुर्ला रोड' म्हणतात. हिंडलगा, सुळगा ही गावे मागे पडतात, शिनोळीपाशी राज्याची सीमा ओलांडली जाते आणि पुढे चंदगड तालुक्याच्या माळावरून हा रस्ता आंबोलीच्या जंगलात शिरतो. त्यावरून रोज जा-ये करणाऱ्यांतले बहुतेक लोक वाटेतच कुठेतरी उतरतात. थेट वेंगुर्ल्यापर्यंत जाणारे थोडेच. मग सव्वाशे किलोमीटर अंतरावरील एका लहान बंदराचे नाव या रस्त्यास का पडावे? ज्या बेळगावास समुद्र नाही, त्या बेळगावास एके काळी बंदर होते, हे त्याचे उत्तर होय.

वेंगुर्ल्याचे नाव जगाच्या नकाशावर गेले ते सतराव्या शतकात, आणि तेही गोव्यामुळे. मसाल्याच्या व्यापारात पोर्तुगिजांना नामोहरम करावयाचे, असा चंग डच ईस्ट इंडिया कंपनीने बांधला होता. 1637 च्या सुमारापासून पुढे काही वर्षे पावसाळा सरला की डचांचे आरमार गोव्याच्या मुखाशी येऊन नाकेबंदी करी आणि पुढील पावसाळ्याच्या आत निघून जाई. परंतु महिनोन्महिने समुद्रावर ठाण मांडून बसणाऱ्या गलबतांना गोडे पाणी हवे, तांदूळ हवा, आजारी खलाशांना जमिनीवर विसावा हवा. हे सर्व गोव्याच्या अगदी जवळ, पण पोर्तुगिजांच्या हाताबाहेर मिळेल, असे ठिकाण वेंगुर्ले. ते विजापूरच्या मुलखात होते. 1637 मध्ये योहान व्हान ट्विस्ट नावाचा डच वकील मुहम्मद आदिलशहाच्या दरबारी गेला आणि वेंगुर्ल्यास वखार घालण्याची परवानगी त्याने मिळविली.

1648 मध्ये येथे आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने या बंदराचे वर्णन लिहून ठेवले आहे. गाव समुद्रापासून थोडे आत असून नांगर टाकण्यास ही जागा हिंदुस्थानातील उत्तम जागांपैकी एक आहे, असा त्याचा अभिप्राय. गोव्याची नाकेबंदी संपल्यावरही इतरत्र जाणारी जहाजे येथे केवळ पाणी आणि तांदूळ भरून घेण्यासाठी थांबत, हेही तो सांगतो. येथील वेलदोड्याची तो वाखाणणी करतो. म्हणजे वेंगुर्ले हे कोणत्याही जहाजाचे मुक्कामाचे ठिकाण नव्हते. ते वाटेवरचे थांबण्याचे ठिकाण होते. घटकाभर टेकावे, घागरी भरून घ्याव्यात आणि पुढे निघावे, असे. पुढची अडीचशे वर्षे त्याचे दैव हेच राहिले.

पण जहाज घटकाभर थांबले, तरी त्यातून उतरलेला माल कुठेतरी जावाच लागतो. तो घाट चढून वर जाई. बेळगाव तेव्हा आदिलशाहीचे ठाणे होते आणि कोकणातून विजापूरकडे जाणाऱ्या वाटा याच टापूतून जात. खालून मीठ, नारळ, सुकी मासळी वर यावी आणि वरून धान्य, गूळ खाली जावा, हा बैलांच्या तांड्यांचा व्यवहार कोणत्याही राजवटीहून जुना आहे. निपाणीकडील मुलखाची वाट निराळी. ती फोंडाघाटाने उतरून देवगडास भिडते. सह्याद्रीच्या माथ्यावरील प्रत्येक पेठेचा पायथ्याशी असा एखादा सोबती असतोच.

डच सतराव्या शतकाच्या अखेरीकडे येथून गेले. त्याआधी 1675 मध्ये मोगलांनी हे गाव जाळले होते. पुढे ते सावंतवाडीकरांकडे होते आणि 1812 मध्ये इंग्रजांनी त्यांच्याकडून ते घेतले. सहा वर्षांनी, 1818 च्या एप्रिलमध्ये, जनरल मन्रो याने बेळगावचा किल्ला सर केला आणि तेथे इंग्रजांची छावणी पडली. येथून वेंगुर्ल्याची खरी भरभराट सुरू होते. छावणी म्हटली की पलटणी आल्या, दारूगोळा आला, साहेबांचे सामानसुमान आले. ते सारे मुंबईहून समुद्रमार्गे वेंगुर्ल्यास उतरे आणि रामघाटाने वर चढे. रामघाट बिकट. गाड्या ओढताना बैलांची दमछाक होई. म्हणून पुढे, 1860 नंतरच्या दशकात, पारपोलीचा, म्हणजे आज आपण ज्याला आंबोली घाट म्हणतो तो, गाडीरस्ता तयार झाला. आज जेथे पावसाळ्यात धबधबे पाहण्यास गर्दी लोटते, ती आंबोली मुळात या रस्त्यावरील विसाव्याची जागा होय.

ती वर्षे कापसाची होती. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चालले, तेथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेना, आणि आपल्याकडील काळ्या जमिनीतील कापसास कधी नव्हता असा भाव आला. धारवाडकडील बराच माल कुमठ्यास जाई, तर बेळगावकडील गाड्या वेंगुर्ल्याची वाट धरीत.

हे वैभव मोडले ते कोणत्याही आरमाराने नव्हे. 1878 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. त्यान्वये मुरगाव बंदरातून घाट चढून कॅसलरॉकपर्यंत लोहमार्ग टाकण्यात आला आणि 1880 नंतरच्या दशकातच तो लोंढ्यावरून बेळगावाशी जोडला गेला. बैलगाडीचा कित्येक दिवसांचा प्रवास आगगाडीने काही तासांवर आणला. व्यापारी माल जिकडे स्वस्त जातो तिकडे पाठवतो. त्याने वेंगुर्ल्याकडे पाठ फिरविली. ज्या गोव्याची कोंडी करण्यासाठी डचांनी वेंगुर्ल्यास वखार घातली, त्याच गोव्याने अडीचशे वर्षांनंतर, एकही तोफ न डागता, वेंगुर्ल्याची कोंडी केली. इतिहासास विनोदबुद्धी नसते असे कोण म्हणेल!

त्यानंतर वेंगुर्ल्यास उरली ती उतारूंची आगबोट. मुंबईहून निघालेली बोट विजयदुर्ग, देवगड, मालवण करीत येथे येई, किनाऱ्यापासून दूर उभी राही, आणि पडावांतून माणसे, ट्रंका, फणस, आंब्याच्या पेट्या यांची चढउतार होई. पावसाळ्यात हेही बंद. पुढे मोटारींचे रस्ते सुधारले, तेव्हा तीही वाहतूक आटली. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. तिने कुडाळ आणि सावंतवाडी गाठली, वेंगुर्ले बाजूलाच राहिले.

मधल्या काळात आणखी एक रेघ या रस्त्यावर ओढली गेली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्यातील चंदगड तालुका मात्र वगळून मुंबई राज्यातच ठेवण्यात आला. म्हणजे शहर एका राज्यात, आणि त्याच्या जुन्या बंदराकडे नेणारी वाट व बंदर दुसऱ्या राज्यात. सीमाप्रश्नावर गेल्या कित्येक वर्षांत पुष्कळ लिहिले, बोलले गेले आहे आणि तो वाद न्यायालयापुढेही गेला. त्या सर्व युक्तिवादांत भाषेची गणना होते, खेड्यांची होते. बैलांच्या खुरांनी घाटात जी वाट पाडली, तिची साक्ष मात्र क्वचितच कोणी काढतो. मला ती साक्ष मोलाची वाटते. कारण ती कोणत्याही शिरगणतीच्या आधीची आहे.

डच वखारीच्या भिंती वेंगुर्ल्यात अद्याप उभ्या आहेत. जांभ्या दगडाच्या त्या भिंतींवर झाडोरा माजला आहे आणि छप्पर केव्हाच गेले आहे. बेळगावाहून सकाळी निघालेल्या माणसास आंबोली उतरून, सावंतवाडी ओलांडून दुपारपर्यंत तेथे पोहोचता येते. वखार, बंदरावरचा धक्का आणि टेकडीवरचे दीपगृह एवढे पाहण्यास दोन तास पुरेत. आगबोट तरी येथे त्याहून अधिक कुठे थांबत होती?