ऊती : गर्भातले विणकाम

‘ऊती’ हा शब्द आपण शाळेत पाठ केला, पण त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही. संस्कृतात त्याचा अर्थ विणकाम. टिश्यू या शब्दाच्या मुळाशीही फ्रेंचमधला ‘विणलेले’ हाच अर्थ. आता येवल्याचा माग डोळ्यांपुढे आणा. आडवा धागा फिरण्याआधी उभे धागे ताणून बसवावे लागतात. मग गर्भात पेशी फिरतात त्या कशावर?

इतिहास काय सांगतो बघा. 1924 साली जर्मनीत हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला : त्यांनी न्यूट या उभयचराच्या गर्भातला एक छोटा तुकडा दुसऱ्या गर्भात बसवला होता. तिथे दुसरा मज्जारज्जू, जवळजवळ दुसरे शरीरच उभे राहिले! त्याच वर्षी हिल्डेबाई भाजून वारल्या, ऐन पंचविशीत. नोबेल 1935 साली एकट्या श्पेमानना मिळाले. त्या तुकड्याला ‘संघटक’ म्हणू लागले. जणू एक मुकादम, बाकी सगळे मजूर.

हा धागा आपल्याकडेही आला. वॉडिंग्टन यांनी पक्ष्यांच्या गर्भात संघटक दाखवला आणि त्यांच्याकडे एडिंबरोला काम केलेल्या लीला मुल्हेरकरांनी पुणे विद्यापीठात कोंबडीच्या गर्भाच्या अभ्यासाची परंपरा रुजवली. आडनाव ऐकून आपल्या बागलाणातला मुल्हेर आठवला ना?

पण नुसत्या मुकादमाने भागते का? 1955 साली टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी उभयचर गर्भाच्या पेशी अल्कलीत सुट्या केल्या, मिसळल्या, आणि पाणी पूर्ववत केले. पेशी आपापल्या सोबत्यांना धरून पुन्हा रचल्या गेल्या : त्वचेच्या बाहेर, मज्जेच्या आत. म्हणजे मजुरांनाही जाण आहे.

मग 1984. फ्रान्समध्ये बूको आणि सहकाऱ्यांनी गर्भाच्या पोकळीत फायब्रोनेक्टिनविरोधी प्रतिपिंडे टोचली. फायब्रोनेक्टिन म्हणजे पेशींबाहेरच्या जाळीतले एक प्रथिन; पोकळीच्या छताला त्याचे तंतू असतात. पेशी जिवंत होत्या, पण मध्यस्तराच्या पेशी त्या छतावरून पुढे सरकेनात. आत वळण्याची क्रियाच थांबली. हेच प्रतिपिंड उशिरा टोचले, तर मज्जानलिका मात्र नीट बनली. आधाराचीही वेळ असते.

ही जाळी पेशींनीच स्रवलेली असते, हे विसरू नका. येवल्याचा विणकर ताणा आणि बाणा दोन्ही बाहेरून आणतो. इथे धागेच माग तयार करतात आणि त्यावर स्वतः विणले जातात. ‘आधी पूर्ण की आधी अंश?’ हा तत्त्वज्ञानातला जुना वाद. गर्भ म्हणतो, दोघांच्या मधली जागाही मोजा.