माळावरची वाट : केव्हेलारच्या पायीं यात्रेचा इतिहास

तीर्थक्षेत्र म्हटलें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें प्रथम डोंगर उभा राहतो. वांद्र्याच्या टेकडीवर मोतमाउलीचें देऊळ आहे, स्पेन देशांत मोंसेरातच्या कड्यावर प्रभुमातेचें स्थान आहे; आणि चढण जितकी बिकट तितकी भक्ति खरी, अशी समजूत आपल्या लोकांत पुष्कळ रुजलेली आहे. ती सर्वस्वीं चुकीची आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु सप्टेंबर महिन्यांत हरेगांवच्या मतमाउलीकडे जे पायीं जातात त्यांस विचारावें. तेथें घाट नाहीं कीं चढण नाहीं. उंसाच्या मळ्यांमधून वाट सरळ जाते, आणि म्हणूनच कडेवर मूल घेतलेली बाई व काठी टेकीत चालणारा म्हातारा हे दोघेही त्या वाटेनें जाऊं शकतात. अशाच एका सपाट वाटेचा इतिहास आम्ही या ज्युबिलीच्या पुस्तकांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

हें स्थळ आपल्या देशांतलें नव्हे. जर्मनीच्या अगदीं पश्चिमेस, हॉलंडच्या सरहद्दीजवळ, केव्हेलार नांवाचें गांव आहे. तथापि आमच्या नगर जिल्ह्यांतील ख्रिस्ती लोकांचा त्या मुलुखाशीं कांहींच संबंध नाहीं असें कोणी समजूं नये. केंदळ येथें १९०३ सालीं ‘निरोप्या’ मासिक सुरू करणारे, आणि पुढें १९०७ सालीं पुण्याचे बिशप झालेले, येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग हे मूळचे बोखोल्ट गांवचे. आणि बोखोल्टपासून केव्हेलार सरळ रेषेनें अवघें २४ मैल, मध्यें काय ती ऱ्हाईन नदी. मुळा-प्रवरेच्या कांठच्या माळांवर ज्यांनीं आपल्या वाडवडिलांसाठीं पायपीट केली, त्यांच्यापैकीं एकाची जन्मभूमि अशी सपाट होती.

त्या प्रदेशास ‘खालचा ऱ्हाईन’ म्हणतात. पूर्वेस ऱ्हाईन, पश्चिमेस मास, आणि दोहोंच्या मधून नीर्स नांवाची संथ नदी वाहते. केव्हेलार गांव समुद्रसपाटीपासून ७०-८० फुटांहून फारसें उंच नाहीं. नदीकांठीं ओलीं कुरणें व शेंडे छाटलेल्या वाळुंजांच्या रांगा, आणि जरा कोरडी जागा लागली कीं रेताड माळ. या माळावर हेदर नांवाचें ठेंगणें झुडूप उगवतें. ऑगस्टच्या सुमारास तें फुललें म्हणजे सारा माळ जांभळा होतो. पूर्वीं तेथें मेंढ्या चरत. गरीब शेतकरी झुडपासकट वरची माती कापून आणीत, ती गोठ्यांत अंथरीत, आणि मग तीच खत म्हणून शेतांत टाकीत. मास नदीच्या पलीकडे पेल नांवाची विस्तीर्ण दलदल होती; तिच्यांत पाऊल चुकलें कीं माणूस रुतावयाचा. अशा देशांत चालण्याचे श्रम थोडे, पण वाट ओळखण्याचे फार. डोंगरांत शिखर पाहून दिशा कळते. माळावर धुकें उतरलें म्हणजे शेजारचें झाडसुद्धां दिसत नाहीं. वाटेवर क्रूस दिसला कीं वाटसरूला दोन गोष्टी एकदम मिळत: प्रार्थनेची जागा आणि रस्त्याची खूण. त्यांतील कांहीं क्रूसांस ‘गारांचा क्रूस’ म्हणत, कारण पिकांवर गारा पडूं नयेत म्हणून तेथें प्रार्थना करीत.

अशाच एका गारांच्या क्रुसापाशीं १६४१ सालच्या नाताळच्या सुमारास हेंड्रिक बुसमान नांवाचा फेरीवाला थांबला. खांद्यावर माल घेऊन गांवोगांव फिरणें हा त्याचा धंदा. वेझे गांवाहून गेल्डर्न शहराकडे तो चालला होता. ही वाट सारी मिळून सुमारें १० मैलांची, म्हणजे ओझें घेतलेल्या माणसालाही एका दिवसांत सहज उरकणारी, आणि केव्हेलार तिच्या मधोमध. अ‍ॅम्स्टरडॅमहून कोलोनकडे जाणारा व्यापाऱ्यांचा जुना रस्ताही येथूनच जात असे. बुसमान क्रुसापुढें प्रार्थना करीत असतां, या जागीं माझ्यासाठीं एक लहानसें देऊळ बांध, अशा अर्थाचा आवाज त्याच्या कानीं आला. भोंवतीं पाहतो तों माळावर कोणी नाहीं. तोच आवाज त्यास एकूण तीन वेळां ऐकूं आला, असें त्यानें पुढें शपथेवर सांगितलें. त्याची कमाई ती किती! तरी तींतूनच पैसा पैसा बाजूस ठेवून तो बांधकामास लागला.

हा काळ कसा होता हें लक्षांत घेतल्यावांचून या गोष्टीचें मोल कळणार नाहीं. युरोपांत तीस वर्षांचें युद्ध चाललें होतें. जी वाट भक्ताला सोपी तीच सैन्यालाही सोपी. तिला ना घाट आडवा येतो ना खिंड. १६३५ सालीं सम्राटाच्या क्रोट सैनिकांनीं केव्हेलारच्या गांवकऱ्यांचा मातीचा कोट फोडला आणि आंत आसरा घेतलेलीं सुमारें शंभर माणसें मारलीं. बुसमानला आवाज ऐकूं आला त्यानंतर थोड्याच आठवड्यांनीं, १७ जानेवारी १६४२ रोजीं, दक्षिणेस केंपेनच्या माळावर मोठी लढाई होऊन फ्रेंच व त्यांच्या साथीदारांनीं सम्राटाच्या सैन्याचा धुव्वा उडविला. (तीनशें वर्षांनीं पुन्हां तेंच झालें. १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चांत इंग्रज व कॅनडियन फौजा पाण्यानें भरलेल्या याच शेतांतून रखडत पुढें आल्या, आणि शेजारच्या गोख व वेझे या गांवांची राखरांगोळी झाली. केव्हेलारचें चॅपल मात्र वांचलें.)

देवळांत ठेवावयाचें चित्रसुद्धां सैनिकाच्याच हातून आलें. लुक्सेंबुर्ग शहरांत ‘दुःखितांची सांत्वनकर्ती’ या नांवानें प्रभुमातेची भक्ति १६२४ पासून येशूसंघीय धर्मगुरूंनीं वाढविली होती. तिचीं छापील चित्रें एका सैनिकानें बुसमानची बायको मेखेल हिला विकावयास दाखविलीं. किंमत परवडेना म्हणून तिनें तीं परत केलीं. पुढें एके रात्रीं तिला मोठा उजेड दिसला, आणि त्या उजेडांत एक लहान देऊळ व त्यांत तसलेंच चित्र. गस्तीच्या शिपायांनींही त्या घरांत उजेड पाहिल्याचें सांगितलें. नवऱ्यानें तिला चित्र शोधावयास पाठविलें, आणि तें मिळालें. तळहाताएवढा तो कागद, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला. १ जून १६४२ रोजीं केव्हेलारचे धर्मगुरू योहान्नेस शिंक यांनीं तो बुसमाननें बांधलेल्या देवळींत स्थापन केला. श्रीमंत राजाची मूर्ति नव्हे, सोन्याचा मुकुट नव्हे. बायकोनें ‘महाग आहे’ म्हणून नाकारलेला कागद! आम्हांस तर या सगळ्या इतिहासांत हाच तपशील सर्वांत गोड वाटतो.

पुढील वर्षींच, म्हणजे १६४३ सालीं, ऱ्हाईनच्या पलीकडील रेस गांवाहून पहिली मिरवणूक पायीं आली. त्याच वर्षीं मोठें देऊळ बांधावयास घेऊन तें १६४५ सालीं पुरें झालें. १६४७ सालीं व्हेनलो येथें धर्मसभा भरली, तिनें बुसमानची साक्ष घेतली आणि यात्रेस मान्यता दिली. १६५४ सालीं मूळ देवळीभोंवतीं षट्कोनी चॅपल उभें राहिलें, तें आजही आहे. बॉन शहराच्या यात्रेकरूंचा बंधुसंघ १६९९ सालचा. तेथून केव्हेलार ७० मैलांहून दूर, तरी ते पायींच येत.

परंतु ज्यांच्यासाठीं ही वाट खरोखर जीव कीं प्राण होती ते लोक हॉलंडांतले. त्या देशांत प्रॉटेस्टंट सत्ता आल्यावर कॅथोलिकांस उघडपणें मिस्सा करण्याची बंदी झाली. देवळें गेलीं, घरांच्या माळ्यांवर, कोठारांत, बाहेरून ओळखूं येणार नाहीं अशा जागीं ते उपासना करीत. मिरवणूक, घंटा, रस्त्यावर जपमाळ, हें सारें त्यांच्या मुलांनीं केवळ ऐकलेलें. केव्हेलार तेव्हां स्पेनच्या राजाच्या अंमलाखालीं होतें. १७१३ च्या तहानें तें प्रशियाच्या प्रॉटेस्टंट राजाकडे गेलें तरी कॅथोलिक धर्मास तेथें मोकळीक राहिली. तेव्हां हॉलंडांतील विणकर, शेतकरी, मोलकरणी माळ तुडवीत सरहद्दीवर येत, आणि सरहद्द ओलांडली म्हणजे जें घरीं कुजबुजून म्हणावयाचें तें मोठ्यानें म्हणत. ज्यांनीं कधीं आपल्या गांवीं देवळाची घंटा ऐकली नाहीं त्यांना ती माळावर दुरून ऐकूं आली तेव्हां काय वाटलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत दुसरीच अडचण आली, आणि तीही आपल्याच कॅथोलिक राजांकडून. रात्रीच्या मुक्कामाच्या यात्रांनीं लोकांचा कामधंदा बुडतो व शिस्त बिघडते, असें म्हणून कित्येक राज्यकर्त्यांनीं त्या बंद केल्या. वाटेंत मुक्काम होत नसेल तर सूर्योदयास निघून सूर्यास्तास परतण्याजोगें स्थानच उरतें. आणि जेथें चढण नाहीं तेथें एका दिवसाच्या टप्प्यांत किती तरी अधिक गांवें बसतात.

१८६३ सालीं आगगाडी आली. १८५८ ते १८६४ या काळांत मोठें बॅसिलिका देऊळ बांधलें गेलें, आणि यात्रेकरूंची संख्या फुगली. लोक डब्यांतून उतरूं लागले, आणि त्याचबरोबर माळही नाहींसा होऊं लागला. आरंभ तर आधींच झाला होता. अमेरिकेस निघालेलीं पण वाटेंत अडकलेलीं पॅलेटिनेट प्रांतांतील कुटुंबें १७४१ सालीं गोखच्या माळावर वसलीं व त्यांनीं फाल्झडॉर्फ गांव वसविलें. पुढें रासायनिक खतें आलीं. रेताड जमीन नांगराखालीं गेली, कांहीं ठिकाणीं पाइनचीं झाडें लावलीं. पेलच्या दलदलींतून जळणाची माती काढण्यासाठीं १८५३ पासून हेलेनाफेन ही वसाहत उभी राहिली. बुसमाननें पाहिलेला ओसाड माळ आतां तुकड्यांतच पाहावयास मिळतो. हॉलंड सरकारनें १९९३ सालीं पेलचा एक भाग व १९९६ सालीं मास नदीकांठचे रेतीचे माळ राष्ट्रीय उद्यानें म्हणून राखलीं. दलदलीवर आतां फळ्यांच्या पायवाटा आहेत, जेणेंकरून कोणाचाही पाय रुतूं नये.

वेझेहून केव्हेलार, आणि केव्हेलारहून गेल्डर्न, ही फेरीवाल्याची वाट आजही चालतां येते. दोन तासांत पहिला टप्पा संपतो. नीर्सच्या कांठानें गेल्यास सावली मिळते. शेतांमधून गेल्यास गाईगुरें व लांबवर एखाद्या देवळाचें टोंक दिसतें. चालणारांनीं पावसाळी कपडे मात्र बरोबर ठेवावे, कारण त्या देशीं आभाळाचा भरंवसा नाहीं. यात्रेचा मोसम १ मे रोजीं सुरू होतो व १ नोव्हेंबरला संपतो.

पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९८७ सालीं या स्थानीं येऊन प्रार्थना केली. त्याच दशकांत येथें आणखी एक रीत पडली, ती आमच्या वाचकांस विशेष जवळची वाटेल. श्रीलंकेंतील युद्धानें घरदार सोडून युरोपांत गेलेले तामिळ लोक ऑगस्ट महिन्यांत केव्हेलारला जमूं लागले. हजारोंच्या संख्येनें ते येतात, ख्रिस्ती तसेच हिंदूही; रंगीत साड्या, अंगाखांद्यावर मुलें, आणि तामिळ भाषेंतील गाणीं. चॅपलच्या भिंतींत बाहेरच्या बाजूस खिडकी आहे, तीमधून तें कागदाचें चित्र दिसतें. आंत जाण्याची गरज नाहीं. ओळीनें चालत यावें, खिडकीपुढें क्षणभर उभें राहावें, आणि मागच्या माणसाला जागा करून द्यावी.