एका कुळींचे पाषाण

शंखजिरें आणि पुष्कराज यांचीं नांवें एका दमांत कोणी घेत नाहीं. शंखजिरें नखानें ओरखडतें व बोटांस साबणासारखें बुळबुळीत लागतें. टोपाझ या नांवाचा पुष्कराज गारगोटीवरहि चरा पाडतो. तथापि हीं दोन्ही एकाच कुळांतील आहेत. सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या संयोगावर उभारलेल्या या खनिजांस सिलिकेट म्हणतात, आणि भूकवचाचा सुमारें 90 टक्के भाग यांचाच आहे. मग एका कुळांत एवढें अंतर कां? या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. तो वृत्तांत येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

1812 सालीं फ्रीड्रिख मोस या जर्मन पंडितानें कठिणतेच्या दहा पायऱ्या ठरविल्या. पहिलीवर शंखजिरें, सहावीवर फेल्स्पार, सातवीवर स्फटिक, आठवीवर पुष्कराज व शेवटीं हिरा, असा तो क्रम होय. वनस्पतिशास्त्रज्ञ पानाफुलांवरून झाड ओळखतो, त्याप्रमाणें आकार, कठिणता व वजन यांवरून खनिजाची जात ठरवावी, असें मोसचें मत होतें. याच्या उलट, स्वीडनचा थोर रसायनज्ञ बर्झेलियस यानें 1814 सालीं असा पक्ष मांडला कीं, जात ठरवावयाची ती घटकद्रव्यांवरून. बाह्य रूप हें गौण. हळूहळू जय त्याचाच झाला. अमेरिकन विद्वान जेम्स ड्वाइट डेना यानें आपल्या प्रसिद्ध खनिजशास्त्रविषयक ग्रंथाच्या 1850 च्या आवृत्तींत पूर्वीची बाह्यलक्षणी मांडणी सोडून रासायनिक मांडणी स्वीकारली.

परंतु विजयी पक्षाच्या पायांतहि एक कांटा होताच. कायनाइट, अँडालुसाइट व सिलिमनाइट या तिन्ही खनिजांत अॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन अगदीं एकाच प्रमाणांत असतात. असें असून कायनाइट पाण्याच्या सुमारें 3.6 पट जड, तर अँडालुसाइट 3.15 पटच. शिवाय निळसर कायनाइटच्या लांब कांडीवर उभा चरा पोलादी चाकूनें पडतो, आडवा पडत नाहीं! या खनिजाच्या खाणी आपल्या भंडारा जिल्ह्यांत आहेत, व भट्ट्यांच्या तापसह विटांसाठीं त्याचा उपयोग होतो. घटक एक, प्रमाण एक, आणि देह मात्र तीन. याचा उलगडा रसायनज्ञाच्या तराजूला होण्यासारखा नव्हता.

1912 सालीं माक्स फॉन लाउए याच्या सूचनेवरून स्फटिकांतून क्ष-किरण सोडण्यांत आले आणि अणूंची आंतील रचना वाचण्याची वाट मोकळी झाली. पुढें मँचेस्टर येथें विल्यम लॉरेन्स ब्रॅग व त्याचे सहकारी यांनीं सिलिकेटांची रचना उकलली. तिचें मर्म सोपें आहे. प्रत्येक सिलिकॉन अणूभोंवतीं चार ऑक्सिजन अणु चौफलकाच्या चार कोपऱ्यांवर बसलेले असतात. हे चौफलक सुटे राहिले, सांखळींत गुंफले गेले, पत्र्यासारखे पसरले किंवा चहूंकडून जखडले गेले, यावर दगडाचा स्वभाव ठरतो. अभ्रकांत त्यांचे थर आहेत, म्हणून त्याचे पापुद्रे निघतात. शंखजिऱ्यांत थरांमधील बंध त्याहूनहि दुबळा, म्हणून तें बुळबुळीत. स्फटिकांत जोड सर्व दिशांनीं घट्ट, म्हणून तो सपाट फुटत नाहीं. शिंपल्यासारखे वक्र पृष्ठ दाखवितो. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणांतील ऑजाइट हें एकेरी सांखळीचें खनिज, तें जवळजवळ काटकोनांत फुटतें. दुहेरी सांखळीचें हॉर्नब्लेंड सुमारें 56 व 124 अंशांत. लायनस पॉलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञानें 1928 सालीं पुष्कराजाची व 1930 सालीं अभ्रक आणि शंखजिऱ्याची रचना मांडली, तेव्हां मोसच्या श्रेणीची पहिली व आठवी पायरी एकाच सूत्रानें समजूं लागली.

या वादांत अखेर कोण जिंकला? आमच्या मतें दोघेहि. बर्झेलियसनें कूळ बरोबर सांगितलें. मोसच्या बोटांना जें जाणवलें तें रचनेचेंच बाह्य चिन्ह होतें. आज महाविद्यालयांत दगडाचें सूत्र पाठ करून घेण्याची जितकी आस्था दिसते, तितकी दगड हातीं घेऊन पाहण्याची दिसत नाहीं. ज्या स्पर्शानें हा प्रश्न प्रथम उभा केला, त्याची उपेक्षा शास्त्राला परवडणारी नाहीं. द्रव्य काय, एवढें कळल्यानें वस्तु कळत नाहीं. तें द्रव्य रचिलें कसें, हें कळावें लागतें.