जोतीरावांचा डावा हात

गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव असो वा पुण्याची गंज पेठ, मराठी माणूस पक्षाघाताचे वर्णन एकाच वाक्यात करतो: ‘अंगावरून वारं गेलं.’ यामागे आयुर्वेदाची दीर्घ परंपरा आहे. चरकसंहितेने पक्षाघात वातविकारांत गणला. ‘अर्धांगवायू’ या नावातही तोच वायू आहे. आजचा धागा या वाऱ्याच्या शोधाचा.

११ मे १८८८ रोजी मुंबईत जोतीराव फुले यांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण झाली. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, जुलैमध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवे अंग लुळे पडले. उपचार केले डॉ. विश्राम रामजी घोले यांनी. (पुण्यातला बाहुलीचा हौद आपल्या मुलीच्या स्मरणार्थ बांधणारे ते हेच घोले.)

घोल्यांपुढे कोणते ज्ञान उपलब्ध होते? मेंदूत रक्तस्राव होऊन झटका येतो, हे स्वित्झर्लंडच्या योहान वेप्फर याने १६५८ मध्येच शवविच्छेदनावरून मांडले होते. रक्ताची गुठळी वाहत जाऊन दूरची वाहिनी बंद करते, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीच्या फिर्खो याने उलगडले. म्हणजे फुटलेली वाहिनी आणि तुंबलेली वाहिनी असे दोन्ही प्रकार ठाऊक होते. परंतु जिवंत रुग्णाला त्यांपैकी कोणता झाला, हे खात्रीने सांगण्याचे साधन नव्हते. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे रिव्हा-रोची यांचे यंत्रसुद्धा आले १८९६ मध्ये! म्हणून जोतीरावांचा झटका कोणत्या प्रकारचा, हे त्यांच्या वैद्यांप्रमाणे आपणही सांगू शकत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. उजवे अंग लुळे पडते ते मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाल्याने, आणि बहुतेकांची भाषाही त्याच बाजूला वसते. पॅरिसच्या ब्रोका याने १८६० च्या दशकात हे दाखवून दिले होते. अशा रुग्णांपैकी अनेकांची वाचा जाते. जोतीरावांचा उजवा हात गेला, भाषा उरली. त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा ग्रंथ डाव्या हाताने लिहून पूर्ण केला. तो छापलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते: २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले, ग्रंथ १८९१ मध्ये निघाला. मधली दोन वर्षे सावित्रीबाईंची शुश्रूषा होती आणि आर्थिक ओढाताणही; मामा परमानंदांनी सयाजीराव गायकवाडांकडे मदतीसाठी शब्द टाकला होता. दीर्घ आजार घराला किती पोखरतो, हे चरित्रे फार थोडक्यात आटोपतात.

हे चित्र पालटले १९७१ मध्ये. लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने जिवंत माणसाच्या मेंदूतले रक्त प्रथमच दिसू लागले. १९९५ मध्ये एका अमेरिकी चाचणीने सिद्ध केले, की गुठळी विरघळवणारे औषध तीन तासांच्या आत दिल्यास अपंगत्व घटते. पुढे ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढली. मात्र रक्तस्राव असताना तेच औषध जीव घेऊ शकते. म्हणून आधी स्कॅन, मग औषध. घरच्या घरी ॲस्पिरीनसुद्धा नव्हे. गिळता येते की नाही हे तपासेपर्यंत तोंडात पाणीही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत उतरू शकते.

आता पुन्हा राणीसावरगाव. चेहरा एका बाजूला ओघळला, एक हात वर उचलेना, बोलणे अडखळले, की १०८ ला फोन करायचा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठायचे. तेल चोळण्यात किंवा उतारा टाकण्यात गेलेला तास याच साडेचार तासांतून वजा होतो. तिथे डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात: रुग्णाला शेवटचे धडधाकट कधी पाहिले? पहाटे उठताना तोंड वाकडे दिसले, तर घड्याळ पहाटेपासून नव्हे, आदल्या रात्री तो झोपायला गेला त्या क्षणापासून मोजले जाते.