पेलेग्रिनीच्या जागी कोण?

#थ्रेड #क्रीडाइतिहास

ऑगस्ट सरत आला की अमेरिकेतील फुटबॉलवेड्या शहरांत दरवर्षी एक वाद रंगतो. व्यावसायिक संघाच्या सराव शिबिरात ९० खेळाडू असतात आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी त्यांतले ५३ च ठेवता येतात. चेंडू फेकणारा मुख्य क्वार्टरबॅक कोण, यावर सहसा दुमत नसते. भांडण जुंपते ते यादीच्या तळाशी. लाईनबॅकर पाच ठेवावेत की सहा? मुख्य खेळाडूचा गुडघा दुखावला तर त्याच्या जागी कोण उभा राहणार? ज्याचे नाव शेजारच्या शहरानेही ऐकलेले नाही अशा एखाद्या तरुणासाठी चाहते तासन्‌तास हुज्जत घालतात.

बाहेरच्या माणसाला हा वाद क्षुल्लक वाटेल. परंतु शंभर वर्षांपूर्वी असा वाद होणेच अशक्य होते, आणि तो शक्य कसा झाला याचा इतिहास बराच रंजक आहे.

प्रथम ती जागा समजून घ्यावी. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. यात बचाव करणाऱ्या संघाची पहिली फळी प्रतिस्पर्ध्याला अगदी भिडून उभी असते. तिच्या दोन-चार पावले मागे जे उभे असतात ते लाईनबॅकर. चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडायचे, पास हवेत अडवायचा, प्रसंगी थेट क्वार्टरबॅकवर चाल करून जायचे, ही तिन्ही कामे त्यांचीच. मिशिगन विद्यापीठाचा जर्मनी शुल्झ हा विसाव्या शतकाच्या आरंभी फळीतली आपली जागा सोडून मागे उभा राहू लागला आणि तिथून ही भूमिका जन्मली, असे परंपरेने मानले जाते.

पण त्या काळी शुल्झचा ‘राखीव’ कोण, हा प्रश्न कोणी फारसा विचारत नसे. अकरा जण मैदानात उतरत आणि तेच अकरा जण आक्रमणही करत, बचावही करत. बाहेर गेलेल्या खेळाडूच्या पुनरागमनावर कडक बंधने होती. क्रिकेटमध्ये बदली क्षेत्ररक्षक येतो, पण त्याला फलंदाजी करता येत नाही. बाकावरच्या माणसाला असेच हातचे राखून वापरण्याची वृत्ती त्या फुटबॉलमध्येही होती. १९२५ मध्ये एनएफएल संघाच्या यादीची मर्यादा अवघी १६ होती. सोळा माणसांत खास लाईनबॅकरचा राखीव बाळगणे कोणाला परवडणार?

हे चित्र बदलले ते महायुद्धामुळे. खेळाडू सैन्यात गेले आणि संघ ओस पडू लागले. १९४३ मध्ये क्लीव्हलंड रॅम्सनी हंगामच खेळला नाही, तर फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग या एरवीच्या प्रतिस्पर्धी संघांनी एकत्र येऊन एकच संघ उतरवला. लोक त्याला गमतीने ‘स्टीगल्स’ म्हणत. उरल्यासुरल्या माणसांवरचा ताण हलका व्हावा म्हणून त्याच वर्षी एनएफएलने हवे तेव्हा, हवे तितके बदली खेळाडू उतरवण्याची मुभा दिली. युद्ध संपताच १९४६ मध्ये ती आवळली गेली, १९४९ मध्ये वर्षभरासाठी परत आली आणि १९५० मध्ये कायमची झाली. माणसांच्या तुटवड्यावर काढलेल्या उपायातून पुढे माणसांची सुबत्ता निर्माण झाली: आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे.

ही सुबत्ता फुकटची नव्हती. महाविद्यालयीन फुटबॉलला खर्च झेपेना, म्हणून १९५३ मध्ये तिथे पुन्हा जुनी पद्धत लागू झाली आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिचा अंमल कमीअधिक प्रमाणात टिकला. व्यावसायिक संघ मात्र मागे फिरले नाहीत. याच काळात लाईनबॅकरचे महत्त्वही वाढले. १९५४ च्या सुमारास शिकागो बेअर्सचा बिल जॉर्ज मधल्या फळीतून मागे सरकला आणि ‘मिडल लाईनबॅकर’ ही जागा रूढ झाली. १९५९ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सचा लाईनबॅकर सॅम हफ ‘टाईम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला.

असे सगळे स्थिरावले असताना १९६० चा हंगाम आला.

फिलाडेल्फिया ईगल्सचा चक बेडनारिक तेव्हा ३५ वर्षांचा होता. पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम या पोलादनगरीत स्लोव्हाक स्थलांतरितांच्या घरी जन्मलेला हा गडी महायुद्धात बॉम्बर विमानावर गनर होता आणि त्याने जर्मनीवर ३० मोहिमा केल्या होत्या. १९४९ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत सर्वांत पहिले नाव त्याचे होते. हंगाम नसताना तो काँक्रीट विकत असे. त्यामुळे ‘काँक्रीट चार्ली’ हे टोपणनाव त्याला दोन्ही अर्थांनी शोभले. पूर्वी तो लाईनबॅकर म्हणून गाजला होता, पण आता उतारवयात तो आक्रमणात सेंटरच्या जागी खेळत होता.

२३ ऑक्टोबर रोजी क्लीव्हलंडमध्ये ब्राऊन्सविरुद्ध सामना होता. याच ब्राऊन्सनी हंगामाच्या पहिल्या सामन्यात ईगल्सना त्यांच्याच घरी ४१-२४ असे लोळवले होते. सामना चालू असताना ईगल्सचा लाईनबॅकर बॉब पेलेग्रिनी जखमी झाला. आज चाहते ऑगस्टमध्ये ज्यावर भांडतात तो प्रश्न प्रशिक्षक बक शॉ यांच्यापुढे भर सामन्यात उभा राहिला. त्यांनी बेडनारिकला बचावात जायला सांगितले. आक्रमणातले त्याचे काम सुटले नव्हतेच. ईगल्स तो सामना ३१-२९ असा जिंकले.

बेडनारिकला ‘साठ मिनिटांचा शेवटचा माणूस’ ही पदवी मिळाली ती इथून. तिच्यामुळे असा समज पसरला की तो त्या हंगामात दर आठवड्याला पूर्ण सामना दोन्हीकडे खेळला. तसे नव्हते. निकडीच्या मोजक्या सामन्यांत त्याच्यावर ही वेळ आली. आख्यायिकेला पराक्रम दिसतो, पण त्या पराक्रमाची गरज का पडली, हे ती सांगत नाही. लाईनबॅकरची राखीव फळी प्रशिक्षकाला निर्धास्त करण्याइतकी भक्कम असती, तर पस्तिशीतल्या सेंटरला दुहेरी ओझे वाहावे लागले नसते.

२० नोव्हेंबर रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये ईगल्स १७-१० असे आघाडीवर होते आणि वेळ थोडाच उरला होता. जायंट्सचा फ्रँक गिफर्ड हा त्या शहराचा लाडका तारा. मैदानाच्या मध्यावर पास झेलून तो वळला आणि बेडनारिक त्याच्यावर आदळला. चेंडू सुटला, ईगल्सच्या चक वेबरने तो ताब्यात घेतला आणि सामन्याचा निकाल लागला. गिफर्ड बेशुद्ध पडला होता. त्याला स्ट्रेचरवरून नेण्यात आले. निपचित पडलेला गिफर्ड आणि शेजारी मूठ उगारून जल्लोष करणारा बेडनारिक, हे छायाचित्र या खेळातील सर्वांत गाजलेल्या छायाचित्रांपैकी एक. गिफर्ड तो उर्वरित हंगाम आणि १९६१ चा संपूर्ण हंगाम खेळू शकला नाही. २०१५ मध्ये मार्चमध्ये बेडनारिक आणि ऑगस्टमध्ये गिफर्ड वारले. गिफर्डच्या मेंदूत सीटीई हा डोक्यावरच्या वारंवार आघातांशी निगडित आजार आढळल्याचे त्याच्या कुटुंबाने त्याच वर्षी जाहीर केले. डेप्थच्या चर्चेत ‘दुखापत झाली तर’ हे शब्द किती सहज येतात! त्यांचा अर्थ कधीकधी अर्धशतकानंतर कळतो.

२६ डिसेंबरला विजेतेपदाचा सामना फ्रँकलिन फील्डवर झाला. हे मैदान बेडनारिकच्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे. समोर व्हिन्स लोम्बार्डी यांचा ग्रीन बे पॅकर्स होता. ईगल्स १७-१३ असे पुढे होते आणि पॅकर्स अखेरची चढाई करत होते. जिम टेलर पास झेलून निघाला आणि गोलरेषा दहा यार्डांच्या आत आली असताना बेडनारिकने त्याला जमिनीवर लोळवले. वेळ संपेपर्यंत त्याला उठू दिले नाही, ही चलाखीही त्यात आली. सामन्याच्या साठांपैकी सुमारे ५८ मिनिटे तो मैदानात होता. विजेतेपदाच्या लढतीत लोम्बार्डी हरले ते फक्त याच सामन्यात.

ईगल्सनी माणूस कमी पडला तेव्हा एकाकडून दोघांचे काम घेतले. बारा वर्षांनी मायामी डॉल्फिन्सनी नेमके उलट केले: बाकावरच्या जादा लाईनबॅकरलाच त्यांनी डावपेचाचा आधार बनवले. बॉब मॅथेसन हा त्यांच्या पहिल्या तीन लाईनबॅकरांत नव्हता. त्याच्या अंगावरच्या जर्सीचा क्रमांक ५३. बचावाचे प्रशिक्षक बिल आर्न्सपार्गर एका लाईनमनला बाहेर काढून मॅथेसनला चौथा लाईनबॅकर म्हणून उतरवत. तो पुढे चाल करून येणार की मागे सरून पास अडवणार, हे क्वार्टरबॅकला कळत नसे. या रचनेचे नावच ‘५३ डिफेन्स’ पडले. पुऱ्या रचनेला आपला जर्सी क्रमांक देण्याचा मान मोठमोठ्या ताऱ्यांना मिळत नाही. तो एका राखीव खेळाडूला मिळाला. १९७२ च्या हंगामात डॉल्फिन्स १७ पैकी १७ सामने जिंकले.

आज संघाची मर्यादाही योगायोगाने ५३ आहे. १९६० मध्ये ती ३८ होती. मात्र पास फेकण्याचे प्रमाण इतके वाढले आहे की अनेकदा मैदानात दोनच लाईनबॅकर दिसतात. मग पाचवा-सहावा कशाला? त्याचे उत्तर चेंडू लाथाडण्याच्या प्रसंगांत आहे. किक झाल्यावर धावत जाऊन प्रतिस्पर्ध्याला पाडायला वेग आणि वजन दोन्ही असलेला गडी लागतो, आणि हे मिश्रण बहुधा लाईनबॅकरकडे असते. राखीव लाईनबॅकरची भाकरी इथे भाजते. जाणकार चाहते म्हणूनच त्याच्या टॅकलइतकीच त्याची धाव पाहतात.

क्वचित या यादीच्या तळातून कोणी वर येतो. सिअ‍ॅटल सीहॉक्सने २०११ च्या निवडीत सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत २४२ वा खेळाडू म्हणून माल्कम स्मिथला घेतले. डिसेंबर २०१३ मध्ये के. जे. राईट जखमी झाला आणि स्मिथच्या वाट्याला अधिक खेळ आला. २ फेब्रुवारी २०१४ रोजी सुपर बोलमध्ये त्याने डेन्व्हरचा पास पकडून ६९ यार्ड धाव घेतली आणि टचडाऊन केला. सिअ‍ॅटल ४३-८ असे जिंकले आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला स्मिथ. त्यापूर्वी हा मान केवळ दोन लाईनबॅकरांना मिळाला होता. २०१५ मध्ये तो ओकलंड रेडर्सकडे गेला, आणि सिअ‍ॅटलचे चाहते राईटच्या मागे आता कोण, यावर पुन्हा भांडायला मोकळे झाले.